आईला बाहेर बसवून

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवून पोट भरते आणि कादंबऱ्या लिहून हौस भागते. तेव्हा वैद्यकावर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो : काही नाही. परंतु ज्या खोलीत दाक्तर लहान मुलाला तपासतो तिच्या दाराबाहेरच्या बाकावर बसण्याचा अधिकार मला पुष्कळदा मिळालेला आहे. आणि ह्या लेखात मी जे भांडणार आहे ते त्या बाकावरून भांडणार आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने मी दोन वेळा ह्या बाकावर बसलो.

पहिल्या वेळी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा होता. वय दीड वर्षे. खोपोलीच्या घरी पलंगावरून पडला. पलंग तो केवढा? माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटे. पोर पडले, त्याच क्षणी त्याने भोकाड पसरले, कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले आणि दहा मिनिटांनी ते बिस्किटासाठी हात पुढे करू लागले. माझी भावजय म्हणाली, "भाऊजी, तो नेहमीसारखाच आहे. जरा वेळ बघू या." तिला गप्प कोणी केले? दाक्तराने नव्हे, मी. "उगाच जिवाला घोर नको, एकदा स्कॅन करून टाका," असे म्हणून मीच भावाला गाडी काढायला लावली. महामार्गाच्या बाजूला अलीकडे काचेची जी इस्पितळे उभी राहिली आहेत त्यांपैकी एकात आम्ही गेलो. तेथे आमचे स्वागत उत्तम झाले. "आपण बसा साहेब, आम्ही सगळे बघतो." पोर स्थिर राहीना म्हणून त्याला झोपेचे औषध पाजले, डोक्याचा सी. टी. स्कॅन काढला, आणि डोक्यात काही नाही असा निकाल आला. निकाल आला तरी पोर उठेना. आता ते औषधाने झोपले आहे की माराने, हे सांगायला कोणी तयार नव्हते. बिस्किट मागणारे मूल ही जी आमच्यापाशी होती ती सगळ्यांत भक्कम साक्ष, ती आम्हीच औषध पाजून झोपवून टाकली होती. संध्याकाळी ते उठले, रडले आणि बिस्किट मागू लागले. आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्या वेळी माझ्या वर्गातला एक मुलगा होता. वय सहा. खालापूर तालुक्यातल्या डोंगरउतारावरची कातकरी वाडी. घर कुडाचे, जमीन शेणाने सारवलेली, आणि अंथरूण त्या जमिनीवर. पहाटे त्याच्या पोटात कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या. आई त्याला पाठीवर घेऊन चिखलातून खाली उतरली ती माझ्या दारात आली, कारण गाडीरस्त्यावरचे पहिले ओळखीचे दार माझे. मी त्यांना घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेलो. दाक्तरांनी खुर्चीवरून न उठता पोट दाबले. आई म्हणाली, "सायेब, पोटाचं न्हाय. त्याचं डोळं बघा. ह्यो आसा बघत न्हाय कवा." दाक्तर म्हणाले, "तू बाहेर बस." मग एक इंजेक्शन आणि पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी. सोनोग्राफी तेथे नव्हती, दुसऱ्या गावाला होती. आम्ही मिनीडोर पकडली. तेथे रांग होती. आमचा नंबर एक वाजता लागला. पोटाचा निकाल आला : सर्व ठीक. तोवर मुलाच्या पापण्या निम्म्यावर आल्या होत्या आणि तोंडातली लाळ त्याला गिळता येत नव्हती.

तेथून आम्ही सरकारी दवाखान्यात धावलो. पायरीवरच एक सिस्टर भेटल्या. त्यांनी कागद मागितला नाही. मुलाची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "बाळा, वर पंख्याकडे बघ." मुलाने बघायचा प्रयत्न केला, पापण्या वर गेल्या नाहीत. त्यांनी आईला विचारले, "रात्री खाली जमिनीवर झोपला होता?" आई म्हणाली, "व्हय." "मण्यार," सिस्टर म्हणाल्या, आणि दाक्तरांना हाक मारीत आत पळाल्या. ह्या सगळ्याला एक मिनिट लागले असेल. सकाळपासून सहा तास जे कळले नव्हते ते एका मिनिटात कळले. आणि पहाटे ते मुलाच्या आईने सांगितले होते. पुढे सर्पविषावरची लस, घशात नळी, १०८ ची गाडी आणि मोठ्या इस्पितळापर्यंत हाताने दाबत नेलेला श्वासाचा फुगा. मुलगा वाचला. गेला असता तर मी कादंबरी लिहिली असती. वाचला म्हणून हा लेख लिहितो आहे.

दोन आया. एक म्हणत होती, माझे मूल नेहमीसारखे आहे. दुसरी म्हणत होती, माझे मूल नेहमीसारखे नाही. दोघीही बरोबर होत्या आणि दोघींनाही आपण शहाण्यांनी बाहेर बसवले. एकीच्या मुलाची नको ती तपासणी झाली, दुसरीच्या मुलाची हवी ती झाली नाही. पहिल्या वेळी पैसे होते म्हणून असे झाले, दुसऱ्या वेळी नव्हते म्हणून झाले, असे म्हणणारे मला भेटतात. ते अर्धेच खरे आहे. गरिबाच्या मुलाचीही तपासणी झालीच की! त्याच्या आईने कनवटीचे नऊशे रुपये त्या सोनोग्राफीला मोजले. दोन्ही वेळी एकच गोष्ट घडली : मुलाकडे पाहण्याच्या जागी यंत्राकडे पाहिले गेले.

आईचे म्हणणे म्हणजे बायकी काळजी, शास्त्रात त्याला जागा नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी परदेशातला एक दाखला देतो; कारण आपल्याकडे देशी आईपेक्षा परदेशी दाखला अधिक ऐकला जातो. उत्तर अमेरिकेतल्या २५ इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी करून २००९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात ती छापण्यात आली. शंभरातल्या पस्तीस मुलांचे स्कॅन झाले होते. गंभीर म्हणावी अशी मेंदूची इजा निघाली ३७६ मुलांना, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ६० जणांना. मग त्या दाक्तरांनी शोधून काढले की कोणत्या खुणा नसतील तर स्कॅन न करता मुलाला निश्चिंतपणे घरी पाठवावे. दोन वर्षांखालच्या मुलासाठी अशा सहा खुणा निघाल्या. मूल झापडल्यासारखे आहे काय. कपाळ सोडून डोक्याच्या इतर भागावर टेंगूळ आहे काय. पाच सेकंद किंवा अधिक वेळ शुद्ध गेली होती काय. तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे किंवा तसाच जबर आघात झाला काय. कवटीची मोड हाताला लागते काय. आणि सहावी खूण, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो : मूल नेहमीसारखे वागत नाही असे त्याचे आईबाप म्हणतात काय.

सहावी खूण म्हणजे माझी भावजय. जी गोष्ट ती पलंगापाशी उभी राहून सांगत होती ती बेचाळीस हजार मुलांच्या हिशेबातून एक पक्की खूण म्हणून वर आलेली आहे. सहांपैकी एकही खूण नसलेली दोन वर्षांखालची १,१७६ मुले त्या नियमाच्या पडताळणीत होती. त्यांतल्या एकालाही तशी इजा निघाली नाही. आमच्या पोराचे टेंगूळ कपाळावर होते, पलंग दीड-दोन फुटांचा होता, पोर त्याच क्षणी रडले होते आणि आई म्हणत होती की ते ठीक आहे. मी मात्र स्कॅन मागत होतो.

आणि स्कॅन म्हणजे काही फोटो नव्हे की एक जास्त निघाला तर भिंतीवर लावावा. ब्रिटनमधल्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २०१२ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये जो हिशेब आला तो असा : दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचे स्कॅन केले तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक असे रुग्ण जास्तीचे निघतात. दहा हजारांत दोन. खूण दिसत असेल तर हा धोका काहीच नव्हे. डोळे मिटून पत्करावा. पण काकाच्या समाधानासाठी तो पोराने का पत्करावा?

आता दाक्तरांची बाजू. ती नाही असे मी म्हणणार नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून स्कॅनचा कागद ही दाक्तराची ढाल झाली. त्याहून मोठी भीती जमावाची. दवाखाने फोडणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ह्यावरून आपली वागणूक कळते. ज्या गावात मूल दगावले की काचा फुटतात त्या गावातला दाक्तर "चार तास इथे बसा, मूल खेळते का पाहू" असे कोणत्या धीराने म्हणेल? नुसते पाहत बसणे आपल्याला काही न करणे वाटते. ज्याने जास्त तपासण्या लिहिल्या तो मोठा दाक्तर, आणि ज्याने पोर उघडे करून छाती पाहिली आणि "काही नाही, घरी जा" म्हटले त्याला दोनशे रुपये द्यायला आपला हात कचरतो. हा आपला दोष मी आपला म्हणूनच लिहितो; त्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर मी बसलो होतो.

परंतु ढालीच्या मागे कधी कधी तिजोरीही असते. ज्याला सगळे 'कट' म्हणतात, तपासणीला पाठवणाऱ्या दाक्तराला तपासणीवाल्याने द्यायची दलाली, ती २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने स्पष्ट मना केलेली आहे. ती मना असूनही काय चालते हे आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी २०१३ साली चव्हाट्यावर आणले. रुग्णाला एम्. आर्. आय्. साठी पाठवले म्हणून त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नेली. पुढे २०१७ साली सरकारने समिती नेमली, कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला. मसुद्याचा कायदा झाला नाही. मुलाच्या पोटात कळ आली असताना त्याच्या कळीवर कोणाचा तरी शेकडा ठरलेला आहे काय, हे बाकावर बसलेल्या आईला कळण्याचा मार्ग नाही. आमच्या चिठ्ठीमागे कट होता असे मी म्हणत नाही. पण तो नव्हता असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, एवढी अवस्था ह्या धंद्याने स्वतःची करून घेतली आहे.

ह्याच बावस्करांचे नाव मी आणखी एका कारणासाठी घेतो. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात आले तेव्हा कोकणात लाल विंचवाने मुले मरत. मोठ्या शहरातला तज्ज्ञ जवळ नाही, प्रयोगशाळा नाही. त्यांनी काय केले? मुलाच्या खाटेजवळ रात्रभर बसले. घाम किती, हातपाय गार केव्हा पडतात, नाडी कशी, रक्तदाब कुठे, छातीत पाणी केव्हा भरू लागते, हे तासागणिक लिहून ठेवले. त्या पाहण्यातून त्यांना कळले की मूल हृदय आणि फुप्फुसे थकून जाते. आणि पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरायला घेतली. गंभीर दंशात शंभरातली चाळीसच्या आसपास जी मुले जात ती संख्या एकाच्या आसपास आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशाच्या उपचाराला आज जग ज्या कामाचा आधार घेते ते खाटेजवळच्या स्टुलावर बसून झालेले आहे.

"म्हणजे मास्तर, तपासण्या नकोतच?" असे माझ्या मित्राने मला विचारले. हा उलटा मूर्खपणा मला करायचा नाही. महिन्याच्या आतले मूल तापाने फणफणले तर तेथे आईचे डोळे आणि दाक्तरांचे डोळे दोन्ही फसतात. ते मूल बरे दिसता दिसता जाते. त्याचे रक्त, लघवी आणि पाठीच्या कण्यातले पाणी तपासलेच पाहिजे. आणि येथे आपला समाज काय करतो? जो बाप टेंगळासाठी स्कॅन मागतो तोच बाप "पाठीतले पाणी काढले की पोर लुळे पडते" म्हणून मुलाला उचलून घरी नेतो. मेंदूज्वराचे निदान ज्या सुईने होते ती आपल्याला नको, आणि ज्या यंत्राची गरज नाही त्याच्यापुढे आपण रांग लावतो. कारण यंत्र मोठे आहे, चकचकीत आहे आणि त्याचा कागद मिळतो. झटके येत असलेल्या किंवा मलूल पडलेल्या मुलाच्या बोटाला टोचून साखर पाहणे हे मिनिटाचे काम. ते झाले काय, असे विचारणारा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही.

मास्तरकी करून मला एक गोष्ट कळली आहे. परीक्षेतला प्रश्न मुलाला पाहून काढावा लागतो. वर्गात न जाता प्रश्नपत्रिका काढणारा माणूस चुकीचे विचारतो आणि मग आलेल्या गुणांवर विश्वास ठेवतो. तपासणीचेही तसेच आहे. आता आमच्या भागातल्या सापांचे घ्या. घोणस आणि फुरसे ह्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला स्वच्छ, कोरडी काचेची नळी लागते. तीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. चार पैशांची ही तपासणी. ती नळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की नाही हे आपले लोकप्रतिनिधी एकदा जाऊन पाहतील तर पुष्कळ होईल. पण हीच नळी मण्यारीने चावलेल्या मुलाच्या बाबतीत वापरली तर रक्त नीट गोठलेले दिसते! नळी खोटे बोलत नाही. तिला विचारलेच ते वेगळे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या उतरतात, मग गिळणे जाते, मग श्वास. तिच्यासाठी खाटेजवळच्या तपासण्या आहेत त्या तर माझ्या वर्गातल्यासारख्या आहेत : वर बघ, मान उचल, एका श्वासात आकडे म्हण. आकडे दर वेळी कमी होत गेले तर श्वासाचे स्नायू दमत आहेत. लशीची मात्राही मुलाला लहान नसते, मोठ्या माणसाइतकीच असते. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

आणि कोणी असे म्हणू नये की असे पाहणे केवळ पदवीवाल्यांना जमते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्या माणसांना आणि न शिकलेल्या सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. श्वास मोजायचा, दोन महिन्यांखाली मिनिटाला साठ, पुढे वर्षापर्यंत पन्नास, मग पाच वर्षांपर्यंत चाळीस, ह्या हद्दी. ज्या सुइणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधन केले, सोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ. मणी सरकवायचे आणि वाळू पाहायची. १९९० साली ह्या कामाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जेथे हे केले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी. छातीचा एक्सरे नव्हता. मणी होते आणि मुलाचा सदरा वर केलेला होता. आमच्याकडे पावसाळ्यात दम लागलेले पोर चार कपड्यांत गुंडाळलेले येते आणि चार कपड्यांत गुंडाळलेलेच परत जाते. मध्ये रक्ताचा नमुना तेवढा जातो.

शहरातल्या वाचकाला एक गोष्ट ध्यानात येणार नाही म्हणून सांगतो. "पुढच्या गावी जाऊन एवढी तपासणी करून या" हे वाक्य मुंबईत अर्ध्या तासाचे असते, आमच्याकडे अर्ध्या दिवसाचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला तेव्हा मदतीची माणसे चिखलातून पायी वर चढली, कारण गाडीला रस्ता नव्हता. अशाच वाटांनी आमच्या वाड्यांतली आजारी मुले पाठीवरून खाली येतात. आठ वाजता खाली आलेल्या मुलाला तपासणीसाठी पुढे धाडणे म्हणजे त्याचा दिवस खर्च करणे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्या दिवसाची किंमत धरली पाहिजे. उत्तर काहीही आले तरी मी जे करणार आहे त्यात फरक पडणार नाही, असे असेल तर चिठ्ठी लिहू नये. फरक पडणार असेल तर मिनीडोरने पाठवू नये, १०८ बोलवावी.

ते पोर आता बरे आहे. जूनपासून मी वर्गात एका श्वासात आकडे म्हणण्याचा खेळ घेतो; त्यात ते पहिले नसते, पण मागेही नसते. दिवाळी झाली की त्याची माणसे वीटभट्टीवर जातील आणि ते शाळेतून उठेल. तो प्रश्न निराळा. गेल्या आठवड्यात त्याची आई आली होती. सामान बांधायला काढले तेव्हा डब्यातून तो सोनोग्राफीचा कागद निघाला, तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेला आहे. नऊशे रुपयांचा कागद फेकायचा कसा? तिने तो माझ्यापुढे धरला. "मास्तर, ह्यात सापाचं कुठं लिवलंय ते दावा." मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. यकृत ठीक, प्लीहा ठीक, दोन्ही मूत्रपिंडे ठीक, पित्ताशय ठीक, खाली सही आणि शिक्का. "ह्यात न्हाय?" तिने विचारले. नाही, मी म्हणालो. तिने कागदाची घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवला.